त्रास नेमका कुठल्या ओळीचा?

धुळ्याच्या कोर्टासमोर कडुलिंबाखाली अर्ज-तक्रारी टाइप करून देणाऱ्या सरदारभाईंचं टेबल. टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला, पण बोटं अजून जुन्याच जोरानं आपटतात. तीस वर्षांत निम्म्या खानदेशाच्या शिव्या या बोटांखालून गेल्या असतील. भाईंच्या तोंडातून एकही निघाली नाही. फारच संतापले तर 'अरे भल्या माणसा' म्हणतात.

तक्रारीत नुसतं 'अश्लील शिवीगाळ केली' लिहून भागत नाही. वकील म्हणतात, नेमके शब्द घाला. आणि ते सांगायची वेळ आली की भलाभला तक्रारदार स्वतःची नखं बघत बसतो. म्हणून भाई कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवतात, तोंड झाडाकडे फिरवतात. लिहून झालं की समोरच्यानं खोकायचं.

शिव्यांच्या यादीची एक वहीही आहे त्यांची. साक्रीकडच्या खेड्यात आजी ज्या शब्दानं नातवाला जवळ ओढते, त्याच शब्दावरून इथे धुळ्यातल्या देवपुरात दोघांची डोकी फुटली. मग शब्द अश्लील की देवपूर? एका वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "भाई, चारचौघांत अश्लील बोलण्या-गाण्याचं जे कलम आहे, त्यात 'अश्लील'चा अर्थ दिलेला नाही. पण ऐकणाऱ्याला त्रास झाला पाहिजे, एवढं पक्कं." भाईंनी तेही वहीत उतरवलं.

मंगळवारी कापड दुकानवाले पन्नालालशेठ आले, मागे बायको भंवरीबाई. शेठच्या दुकानातला नोकर नवल, त्याच्या मुलीचं लग्न रविवारी झालं. बायांनी व्याह्याला चिडवायची गाणी म्हटली, आणि त्यात पहिल्या रांगेतल्या शेठचंही नाव गुंफलं.

"पुढे होऊन गाणाऱ्या त्या कुंदाबाईवर अर्ज टाइप करा," शेठ म्हणाले. "अश्लील गाणं, चारशे माणसांत!"

भाईंची बोटं थबकली. कुंदाबाई म्हणजे समोरच्याच गाडीवरची, भरीत-भाकरीवाली. भाई रोज तिच्याकडे जेवतात. येत्या शुक्रवारी तिच्या नातीचं लग्न. त्याआधी आजीला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, तर मुलाकडचे काय म्हणतील?

कुंदाबाईनं ऐकलंच होतं. पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली. "शेठ, तुमले राग वना का? नवरीकडच्यांनी नाव घेतलं म्हणजे मान शे तो. ज्याचं नाव नाही, तो रुसतो!"

"असला मान नको मला!"

भाईंनी मुकाट कागद-पेन्सिल सरकवली आणि झाडाकडे वळले. बराच वेळ खोकला येईना. शेवटी आला तो बायकी. वळून पाहतात तर भंवरीबाईंनी अख्खं गाणं लिहून काढलेलं, सोळा ओळी!

"तुला पाठ?" शेठ किंचाळले.

"आमच्यात काय भजनं म्हणतात व्याह्याला? आपल्या लग्नात माझ्या मामीनं तुमच्या बापूजींना यापेक्षा खारट वाढलं होतं. तुम्ही फेटा सावरत हसत होतात."

भाईंनी गाणं वाचलं. कान तापले, पण कुतूहल सुटेना. "शेठ, वकील विचारणार, त्रास नेमका कुठल्या ओळीचा? ही तिसरी?"

"तिसरीला मांडीवर थाप मारली यांनी," भंवरीबाई म्हणाल्या.

"सातवी?"

"सातवी परत म्हणायला लावली. उठले ते चौदावीला."

भाईंनी चौदावी हळूच वाचली. 'पन्नाशेठनी मिशी काळी, कोणी कलप लाया वं?' शेठचा हात आपोआप मिशीवर गेला. सगळं कोर्ट आपल्याकडेच बघतंय असं त्यांना वाटलं.

"शेठ," भाई अगदी काकुळतीनं म्हणाले, "ज्या ओळी अश्लील, त्यांचा तुम्हाला त्रास नाही. ज्या ओळीचा त्रास, ती अश्लील नाही. कलमाला दोन्ही एकत्र लागतं. टाइप काय करू?"

"मिशीचंच टाका!"

"टाकतो. मग ठाण्यात मोठ्यानं वाचतील. कलपासकट."

शेठनी मिशीवरचा हात खाली घेतला. कुंदाबाईच्या हातावरचं पीठ वाळून तडकायला लागलं होतं. तिचा मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला. खालच्या आवाजात ती म्हणाली, "शुक्रवारी या, शेठ. नातीला आशीर्वाद द्या. तुमचं नाव घेणार नाही, पोरीची शपथ."

शेठनी कागद उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला. दोन पावलं गेले आणि थांबले.

"नाव न घेतलं तर लोक म्हणतील, शेठला बोलावलंच नव्हतं."

"मग?"

"मिशी सोडा," शेठ तिच्याकडे न बघता म्हणाले. "बाकीचं... सातवीपर्यंत चालेल."

भंवरीबाई पदरात हसत निघाल्या. कुंदाबाई तव्याकडे पळाली. भाकरी करपली होती. तीच करपलेली भाकरी भाईंनी त्या दुपारी तक्रार न करता खाल्ली. मग वही उघडून शिव्यांच्या यादीत शेवटी एक शब्द घातला: 'कलप'. पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि कंसात लिहिलं, 'फक्त पन्नास वर्षांवरील पुरुषांसाठी'.