आधी तुमी बसा

माझी बायको सुप्रिया पुण्याची नोकरी सोडून माझ्या गावी, सौसरला आली, तेव्हा नातेवाइकांनी मलाच वेड्यात काढलं. इथं तिनं व्यापारी केशवरावांच्या संत्री निवडायच्या शेडसाठी प्रोग्राम लिहायला घेतला. पट्ट्यावरून संत्रं गेलं की कॅमेरा त्याचा फोटो काढतो, तो पडद्यावर दिसतो आणि त्याच्याभोवती गोल उमटतो. हिरवा गोल म्हणजे माल चांगला, लाल म्हणजे बाजूला काढा. काम देखणं होतं. फक्त रोज दुपारी, ऐन घाईत, पडदा गोठायचा आणि पट्टा थांबायचा.

केशवराव तसे रागावणारे नाहीत, पण आंबिया बहाराची संत्री झाडावर कोणासाठी थांबत नाहीत. शनिवारी ते म्हणाले, "म्याडम, सोमवारी हे पुन्हा अडकलं, त मी पहिल्यासारखं हातानंच निवडून घेतो. वाईट वाटून घेऊ नका." पुण्याच्या जुन्या कंपनीचा 'परत या' म्हणून फोन येऊन गेलाच होता. म्हणजे पडदा गोठला की सुप्रिया पुण्याला, आणि मी इथं शेजारच्या रामाकोन्याच्या शाळेत पोरांचे पाढे घेत.

रविवारी सकाळपासून ती चिडलेली. तिनं मला समजावलं होतं ते असं: चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे आयत्या मिळालेल्या कोडला, फोटो दिला की ती तो मेमरीत ठेवते. काम झालं की 'आता टाक' हे आपणच सांगायचं. विसरलो की ढीग साचतो, मेमरी भरते आणि पडदा गोठतो. विसरायला होऊ नये म्हणूनच सुप्रियानं स्मार्ट पॉइंटर वापरले होते. एखादी वस्तू किती जणांनी धरली आहे ते हा पॉइंटर मोजत राहतो, आणि शेवटच्यानं सोडलं की ती स्वतःच टाकून देतो.

"मंग ढीग कायचा साचून राहिला?" मी विचारलं.

"तेच त पाहून राहिली ना मी. तुमी जरा चूप बसा."

चूप बसलो. भूक मात्र चूप बसेना, आणि जेवायचं म्हटलं की आमच्या घरी वेगळाच तमाशा. माझी आई सुशीलाबाई सून बसल्याशिवाय बसत नाही. सून सासूच्या आधी बसत नाही.

"आई, आधी तुमी बसा."

"तू बस वं, मी मंग बसन."

दोघी मायेनं एकमेकींना उपाशी ठेवतात आणि भात थंडगार होतो. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "तुमी दोघी अशाच थांबून राहा. भांडे उद्या उचलू."

सुप्रिया तडक कॉम्प्युटरपाशी गेली. दुपारभर कोडात डोकं घालून बसली आणि संध्याकाळी मला बोलावून दाखवलं, तेही वैतागूनच.

"हे पाहा. प्रोग्रामात क्रेटनं आपले संत्रे धरून ठेवले, आन् प्रत्येक संत्र्यानं आपला क्रेट. क्रेट भरून गेला, आता कोणाचंच काम नाही, तरी दोघं एकमेकाच्या आधी सोडत नाहीत. म्हणून सारे फोटो तसेच पडून राहतात. मीच लिवलं असं."

"घरचं वळण, दुसरं काय."

ती हसली नाही. उपाय एवढासाच होता: क्रेटनं संत्रं धरायचं, संत्र्यानं क्रेटकडे नुसतं पाहायचं, धरायचं नाही. त्यासाठी वेगळा, हलका पॉइंटर असतो. "इतक्याशासाठी माझा जीव खाल्ला," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

सोमवारी मी शाळेतून थेट शेडवर गेलो. दुपार टळली होती आणि पडद्यावर संत्री चाललीच होती. केशवराव तिकडे पाहतही नव्हते, ते गाडीवाल्याशी हुज्जत घालत होते.

घरी आल्यावर सुप्रियानं हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि कोणाला न विचारता जेवायला बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मला वाटलं, झालं, आता आईला लागलं. पण आईनं आपलंही ताट घेतलं, तिच्या शेजारी बसली आणि पहिला घास खाऊन म्हणाली, "भात गरम हाय वं."