निळा उजेड

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विद्यापीठाच्या अणुभट्टीचा प्रमुख असताना एक बिघाड मी नियामक मंडळाला कळवला नाही. परवा सगळं कळवून टाकलं आणि काल हलक्या पावलांनी भट्टी पाहायला गेलो. भट्टी बंद केल्यावरही तिच्या पाण्यातला निळा उजेड हळूहळू मावळत राहतो. पूर्वीसारखाच कठड्याशी उभा राहून तो बघत होतो.

"सर, अर्घ्य देताय का?" तिथली तरुण प्रमुख हसली. "सकाळी पंप अडखळला. मंडळाला कळवलं, मगच चहा प्यायले."

किती सोपं होतं हे. मीही हसलो.

"कळवूया," असं तेव्हा माझे सहकारी देशपांडेही म्हणाले होते. मी त्यांना सगळ्यांसमोर घाबरट म्हटलं. देशपांडे, माझं चुकलं, एवढं त्यांच्या हयातीत मला म्हणता आलं नाही.