बादल्यांतलं रान

सासऱ्यांना आम्ही घरात मामा म्हणतो. अक्कलकोटच्या बाजूचं त्यांचं शेत नव्या रस्त्यात गेलं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मग एकदा गावातल्या घरात एकटेच असताना मामा चक्कर येऊन पडले, तेव्हा माझा नवरा त्यांना शुक्रवार पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला. आले खरे, पण रमले नाहीत. कपडे पिशवीतच ठेवायचे. दर दोन-चार दिवसांनी जेवताना तोच विषय. "आता बरा हाय मी. गावाकडं जातो की." नवरा विषय बदलायचा. पुन्हा पडले आणि जवळ कोणी नसलं तर, ही धास्ती आम्हा दोघांनाही होती. पण त्यांना थांबवून धरावं असं आमच्या घरात काही नव्हतं. टीव्हीसुद्धा त्यांना आवडत नाही.

भाजीबाजारात गेले की माझा हात थांबत नाही, हे आधीच सांगते. घरात खाणारी तीन माणसं आणि पिशवी लग्नघरासारखी. मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबीर काळी पडते, मेथीचं पाणी होतं, आणि घंटागाडी आली की सगळं गपचूप खाली जातं. एका सकाळी मामांनी ती पिशवी उघडून पाहिली. "ह्ये काय टाकून द्यायला उगवलं व्हतं व्हय?"

डब्याची घाई, नळाला चार दिवसांनी पाणी आलेलं, आणि त्यात ही बोलणी. मी तडकले. "मग तुम्हीच लावा की गच्चीवर! लागेल तेवढंच तोडू."

मी रागात म्हटलं होतं. त्यांनी मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी रंगाच्या रिकाम्या बादल्या कुठून कुठून गोळा करून आणल्या, बुडाला भोकं पाडली, गाडीवानाला सांगून माती आणवली. भाज्यांची देठं-सालं एका पिंपात कुजवायला टाकली. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मोरीत ओतायची मला बंदी झाली. माझ्या दोन जुन्या साड्या उन्हाच्या आडोशाला गेल्या, त्यातली एक जुनी नव्हती.

आणि मग त्यांनी पेरणी केली. शेतकऱ्यासारखी. माती पेरणीजोगी झाली, वाफसा आला की सगळं रान एकदम पेरायचं, ही आयुष्यभराची सवय. एकाच सकाळी सगळ्या बादल्यांत मेथी. ती उगवलीही एकदम आणि तोडणीला आलीही एकदम. आम्ही मेथीची भाजी खाल्ली, मेथीची डाळ खाल्ली, मेथीचे धपाटे डब्यात नेले. खालच्या दोन्ही मजल्यांवर वाटली. शेवटी तेलुगू शेजारीण मला जिन्यात पाहून दार लोटून घ्यायला लागली. उरलेली मेथी फुलावर गेली, कडू झाली.

"काय मामा, आता घंटागाडीला आवाज द्यायचा का?" मी विचारलं. ते हसले. आल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हापासून आठवड्याला एकच बादली पेरायची असं ठरलं. "चिमटीचिमटीची शेती," म्हणून ते कुरकुरले, पण हळूहळू जमलं. मी खालून ओरडायची, "चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर!" आणि तेवढंच खाली यायचं. कचऱ्याची पिशवी सुकली. बाजारात माझा हात अजून सैलच आहे, पण आता घरी येऊन मी बोलणी खाते.

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. ज्याचं शेत आहे तो रानात कडब्याची खोप करतो, पाच दगड मांडून पूजा करतो आणि माणसं बोलावून जेवू घालतो. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मामांच्या रानात अख्खी गल्ली जेवायची म्हणे. ते आमच्याकडे आले त्या वर्षी त्यांच्या गावाकडच्या मित्राने "आमच्या रानात या" म्हणून फोन केला, तर मामांनी पाय दुखतोय असं सांगितलं. पाय दुखत नव्हता. जन्मभर वाढणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या रानात पंगतीला बसवेना. त्या दिवशी ते साधा वरणभात जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला फार वाईट वाटलं. काय करावं ते कळलं नाही.

यंदा थंडीत गच्चीवर सगळं होतं, पण थोडं थोडं. ओंजळभर पावटा, तुरीच्या काही शेंगा, वाटाणा पोह्यांत घालण्यापुरता, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात. एका कशाचीही भाजी होईना, आणि ठेवलं तर वाळून जाणार. मी सूप पुढे घेऊन बसले. "याची नुसती भज्जीच होईल बघा, मामा," असं सहज बोलून गेले. भज्जी म्हणजे सगळ्या शेंगा आणि पालेभाज्या एकत्र, चिंच घालून, बेसन लावून. त्यात कितीही थोडकं असलं तरी खपतं.

"भज्जी रानात खात्यात," एवढंच मामा म्हणाले आणि वर गेले. बऱ्याच वेळाने खाली आले आणि त्याच मित्राला फोन लावला. "औंदा आमच्याकडं या येळवशीला. व्हय, रानात. हाय की! जिनं चढून यावं लागतंय, तेवढंच."

मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होते आणि रडतही होते.

मित्र एसटीने आले, काखेत कडब्याची पेंढी. दोघा म्हाताऱ्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात टीचभर खोप केली, दगडांना चुना लावला. मामांनी प्रत्येक बादलीला आंबील शिंपडली. खालच्या मजल्यांवरची सगळी जेवायला आली, तेलुगू शेजारीणसुद्धा. मामा वाढत होते. कोणाला नको म्हणू देत नव्हते.

जेवणं झाल्यावर मित्राने पान लावलं आणि जे आम्ही वर्षभर टाळत होतो तेच विचारलं. "लई बेस झालं. पण गावाकडचं घर वाट बघतंय. चलतूस का माझ्यासंगं?"

नवऱ्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मामांनी कडेच्या बादलीकडे पाहिलं. "कसं येऊ? परवाच मेथी टाकलीय. पानी कोन घालनार?"

आम्ही दोघं तिथंच उभे होतो. आम्ही घालतो की, असं आमच्यापैकी कोणीही म्हटलं नाही.