बाळाचं पाणी

सोनोग्राफीवाले डॉक्टर पडद्याकडे बघत ‘पानी कम है’ म्हणाले, त्या दिवसापासून जयपूरच्या आमच्या घरात मला पाणी पाजण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मला सहावा महिना होता आणि बाहेर मे महिन्याचं ऊन भाजून काढत होतं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे सांगलीहून शास्त्रीनगरात येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालेलं. शेजारच्या भाभीजी नारळपाणी आणून द्यायच्या. "दीदी, यहाँ की हवा सब सुखा देती है." मदतीला आलेल्या सासूबाईंचंही तेच. "कृष्णेकाठी असतीस तर असं झालं नसतं गं." मी तांब्यामागून तांब्या रिचवायचे आणि रडकुंडीला यायचे. जणू मीच आळस करून पोटातलं पाणी आटवलं होतं!

मला ब्लडप्रेशर लग्नाआधीपासूनचं. गोळी सांगलीच्या फॅमिली डॉक्टरांची. जयपुरात औषधांची दुकानंच नसावीत अशा थाटात सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर भडंगाच्या पुड्यांसोबत गोळ्यांची पाकिटं पाठवायचे. मला दिवस गेलेत हे मात्र त्या डॉक्टरांना कुणीच सांगितलं नव्हतं. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून डोहाळजेवणापर्यंत कुणापुढे ब्र काढायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. "डॉक्टरांना सांगितलं की कंपाउंडरला कळणार, नि मग साऱ्या गावाला."

इथल्या डॉक्टरीणबाई दर वेळी माझं प्रेशर मोजून खूश व्हायच्या. "एकदम बढ़िया! दवा चल रही है ना? चलने दो." कोणती दवा, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या सोनोग्राफीत पाणी आणखी घटलेलं निघालं. "मैं तो खूब पी रही हूँ," मी जवळजवळ भांडलेच. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ये पानी आप नहीं बनातीं. बच्चा बनाता है. उसका पेशाब है ये." मग त्यांनी विचारलं, बीपीची गोळी कोणती? मी पर्समधून पाकीट काढून दिलं. नाव वाचून त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली.

मग त्यांनी समजावलं ते असं. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांतून रक्त फिरायला जो दाब लागतो, तो एका हार्मोनच्या जोरावर टिकतो. माझी गोळी नेमकं तेच हार्मोन अडवायची. माझ्यासाठी ते बरंच होतं. पण गोळी नाळेतून त्याच्यापर्यंतही पोचत होती. माझं प्रेशर बढ़िया, आणि त्याचं इतकं खाली की त्याची मूत्रपिंडं कामच करीनाशी झाली होती. मला अजून राग येतो. त्या सगळ्यांत वाईट माणूस एकही नव्हता, याचा तर जास्तच येतो.

गोळी ताबडतोब बदलली. पाणी किंचित वाढलं आणि घरातलं थांबलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं. आठव्या महिन्यात मुलगा झाला. झाल्या झाल्या रडला, तेव्हा मला वाटलं, सुटलो.

पण त्याला लघवी होईना. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांचे मऊ लंगोट शिवले होते. नर्स ते बांधायची आणि कोरडेच सोडायची. आम्ही तिघं देवापाशी पोराची शू मागत होतो. एरवी कुणीही हसलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा वॉर्डात धावत आला. हातात लंगोट होता. "ओला आहे! बघ ना, वास घे." रुपयाएवढा डाग होता. मी वास घेतला. नवरा तिथेच खाटेच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी बाळ गेलं. इतक्याशा लघवीनं काही साधणार नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाई बाळाचे कपडे आवरायला बसल्या. तो लंगोट त्यांनी बादलीत टाकायला उचलला आणि मी किंचाळले, "धुऊ नका तो!" त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या न्हाणीघराच्या दारातच बसल्या, लंगोट हातात धरून. "मी तुला सांगू दिलं असतं तर... डॉक्टरांना सांगू दिलं असतं तर गं..." एवढंच म्हणत राहिल्या.

मी त्यांची समजूत काढली नाही.