बाणावर ठेवलेला दगड

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही तो बसेल असं वाटत नाही. या सदरात मी इतरांचे अनुभव वाचते. त्यात विहीर असते, घाट असतो, बंद पडलेली गाडी असते. माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. एक कॉम्प्युटर, एक खेळ, रविवारची दुपार आणि बाहेर लख्ख ऊन... बस.

मी बारामतीत एका शाळेच्या ऑफिसात काम करते. सकाळची पाळी असते. वाणसामानापासून लग्नातल्या आहेरापर्यंत सगळ्याची यादी करणारी बाई म्हणून नातेवाईक माझी चेष्टा करतात. करू देत. डोकं ठिकाणावर आहे, झोप व्यवस्थित लागते. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही तेच विचारणार.

एक्क्याण्णव साली माझे मिस्टर इंदापूरला एका कॉलेजात गणित शिकवत होते. बारामतीहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. त्या वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब झाली आणि तिची जबाबदारी ह्यांच्यावर आणि फिजिक्सच्या दत्तात्रय सरांवर आली. दत्तात्रय म्हणजे दत्ता. बावड्याचा, ह्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बिनलग्नाचा. घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती. आवाज असा की वऱ्हांड्यात बोलला तर मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बाईला कळावं कोण आलंय.

कुणीतरी पुण्याहून त्या लॅबमध्ये एक खेळ आणला. चार जणांची टोळी घेऊन दगडी तळघरात उतरायचं. एकेक चौकोन पुढे जायचं, फाटे ओळखायचे, राक्षसांशी लढायचं, जिना सापडला की आणखी खालचा मजला. सगळ्यात तळाशी एक विझलेला दिवा आहे, तो लावला की खेळ जिंकला. सुटीनंतर चपला दाराबाहेर काढून हे दोन प्राध्यापक त्या थंड खोलीत बसायचे, आणि ह्यांची नेहमीची एसटी चुकायची.

जेवताना मला तळघराचा वृत्तांत. "आज दत्तानं काय केलं माहितीये...?"

मला माहीत नव्हतं, आणि मला ते आवडतही नव्हतं. सरळच लिहिते — मला मत्सर वाटायचा. नवरा बाईच्या नादी लागला असता तर चार जणींशी बोलता तरी आलं असतं. हा एका मिशीवाल्या फिजिक्सच्या मास्तराच्या नादी लागला होता. सांगायचं कुणाला?

एकदा दत्ता जेवायला आला होता तेव्हा मी म्हटलं, "मी आलेखाच्या कागदावर तळघराचा नकाशा काढून देते. म्हणजे चुकणार नाही."

हे काही बोलायच्या आत दत्ता हसला. "वहिनी, कागद बघून मेंढरं घरी येत असती तर आमच्या तात्यांनी तलाठीच पाळला असता की!"

हे इतके हसले की ताटातली आमटी सांडली. पुसली मी.

मग त्यानं आपली पद्धत सांगितली. एखादा फाटा चुकीचा निघाला की त्याच्या तोंडाशी टोळीजवळचा एक बाण टाकायचा आणि त्यावर एक दगड ठेवायचा. त्या खेळात टाकलेली वस्तू तिथंच पडून राहते. पुन्हा तिथं आलो की कळतं — इकडे जायचं नाही. "आमच्याकडची रानातली खूण हाय, वहिनी. फक्त डहाळीच्या जागी बाण."

खेळ मात्र त्यांचा कधीच पूर्ण झाला नाही. फ्लॉपीवरची कॉपी खराब होती. सातव्या मजल्याचा जिना उतरला की मशीन अडकायचं. पुढचे मजले ह्यांनी पाहिले नाहीत आणि दत्तानंही. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात दत्ताला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग अकलूजचं हॉस्पिटल... आठवड्यात दत्ता गेला. ह्यांनी पुन्हा त्या खेळाचं नाव काढलं नाही. दत्ताचं मात्र काढायचे. नळ गळला तरी "दत्ता असता तर..."

अठ्ठ्याण्णव साली मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम शांत झालं. दोन माणसं, दोन वर्तमानपत्रं. तोवर ह्यांची बदली बारामतीत झाली होती आणि आम्ही घरी कॉम्प्युटर घेतला होता. ह्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं सीडीवर तोच खेळ आणून दिला. पूर्ण, सगळ्या मजल्यांसकट. हे सीडी हातात घेऊन नुसते बसून राहिले.

मी म्हटलं, "खेळू या. तुम्ही बटणं दाबा, मी नकाशा काढते."

मला तळघराशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवे होते हे. इतक्या वर्षांत ह्यांचं असं काहीतरी, ज्यात माझा वाटा असेल आणि दत्ताचा नसेल. सातव्या मजल्याच्या खाली तो कधी गेलाच नव्हता. ती जागा कोरी होती. ती मला हवी होती.

रविवारी दुपारी जेवण, भांडी, मग खेळ. आलेखाचे कागद, चार रंगांच्या पेन्सिली, खोडरबर. चौघांची नावं ठेवताना ह्यांनी 'शशी' आणि 'सुधा' टाइप केलं, मग मुलीचं 'मीरा'. चौथ्याला ह्यांची बोटं 'द' वर गेली.

"दत्ता नको," मी म्हटलं.

ह्यांनी बोटं उचलली. चौथ्याचं नाव 'मोती' ठेवलं. तो आमचा कुत्रा.

फार छान गेले ते रविवार. हे चक्क मला विचारायचे — "सुधा, डावीकडं की उजवीकडं?" मी नकाशा बघून सांगायचे. सातवा मजला ओलांडला तेव्हा मी शिरा केला.

आठव्या मजल्यावर पहिलाच फाटा आला. डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी जमिनीवर एक बाण पडलेला. त्यावर दगड.

हे थांबले. 

"खेळातलंच असेल काहीतरी," मी म्हटलं.

"असेल," हे म्हणाले आणि उजवीकडं वळले. उजवीकडचीच वाट बरोबर निघाली.

पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावरही. हे मला विचारेनासे झाले. नकाशाकडं न बघता बाण-दगड दिसला की वाट सोडून द्यायचे, आणि मनापासून हसायचे. ते हसू मी ओळखत होते. आमटी सांडली होती तेव्हाचं होतं ते.

मी घाबरले नाही. मी चिडले. इथंही? या कोऱ्या जागेतही तो माझ्या आधी?

मग मी तपासणी केली. कुणी जुना खेळ आत सेव्ह केलेला होता का? नव्हता, आम्ही पहिल्यापासून सुरू केला होता. ह्यांनी माझ्या माघारी खेळून बाण टाकले का? सीडीशिवाय खेळ चालत नाही, आणि सीडी मी ऑफिसच्या पिशवीत ठेवत होते. खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवलेत का? त्यासाठी मी आमचाच नकाशा समोर धरून शाळेतून आल्यावर दुपारी एकटीनं नवीन खेळ सुरू केला आणि आठव्या मजल्यापर्यंत आणला. तोच फाटा. तीच डावी वाट.

तिथं काही नव्हतं. स्वच्छ फरशी.

हे शेजारी बसले की खूण. मी एकटी असले की नाही. आता भीती वाटायला हवी होती, पण मला वाटलं ते इतकंच — मला एक खूणसुद्धा नाही?

दिवाळीच्या सुटीत हे म्हणाले, "तात्यांना भेटून येऊ." तात्या म्हणजे दत्ताचे वडील. एसटी पिंपळीपाशी पंक्चर झाली, इंदापुरात गाडी बदलली, बावड्याला पोचेतो दुपार झाली. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. डोळे अधू, कान तिखट.

"शशीराव का? पाय वाजला तवाच म्हणलं."

खेळाचं आम्ही बोललो नाही. मुलगा गेलेल्या माणसाला काय सांगणार? चहा झाल्यावर ह्यांनी नुसतं विचारलं, "तात्या, ती डहाळीची खूण... ती कशी असते?"

"आता कुठं ऱ्हायली ती! मेंढरं घिऊन जाताना एकजण म्होरं जायचा. वाट वंगाळ आसली की तिच्या तोंडाला आडवी डहाळी टाकायची अन् वर धोंडा."

"धोंडा कशाला?" मी विचारलं.

"न्हाय ठिवला तर वाऱ्यानं उडती. न्हायतर मागनं येणारी शेरडं खात्यात!" तात्या खोकत हसले. "अन् शेवटाला येतो त्यानं ती उचलून बाजूला फेकायची. आपली समदी गेली, आता वाट कुणाची आडवायची न्हाय."

"म्हणजे कुणीही आलं तरी त्याला ती खूण दिसते..."

"दिसंल की. पर टाकायची आपल्या मान्सासाठी, बाई. आपला मानूस मागं हाय हे म्हाईत आसतंय, म्हनून टाकायची. जगासाठी कोन टाकतंय?"

परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत होते. तोंडावर असं समाधान की मला ते बघवेना.

शेवटच्या मजल्याच्या आधीचा मजला. दोन दारं. डाव्या दारासमोर बाण आणि दगड. हे उजवीकडं वळायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "माझ्या नकाशात रिकामी जागा डावीकडंच उरलीय. जिना तिथंच असणार."

"अगं, तो नको म्हणतोय."

"आणि मी जाऊ म्हणतेय."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार वर्षांनी नीट पाहिलं म्हणा ना.

"शेजारी कोण बसलंय?" मी विचारलं. "हे कागद कुणी काढलेत? एकदा तरी माझ्या नकाशावर चाला."

ह्यांनी माझा कागद एकदा पाहिला. मग बाण ओलांडून डाव्या दारातून आत गेले. दुसऱ्याच पावलाला फरशी दुभंगली. शशी, सुधा, मीरा, मोती — सगळे खाली. पडदा काळा.

मला वाटलं हे रागावतील. हे म्हणाले, "चहा टाक."

दार उघडण्याआधी सेव्ह करायचं, हा माझा नियम. म्हणून तिथूनच पुन्हा सुरू केलं. तीच दोन दारं. पण आता बाण नव्हता आणि दगडही नव्हता. उजवीकडून गेलो, जिना सापडला. पुढं एकाही फाट्यावर काही नाही. ह्यांना आता मला विचारावं लागत होतं. विचारत होते. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ह्यांचा आवाज मात्र शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलावं तसा येत होता.

मग शेवटच्या मजल्यावर ह्यांनी एक चुकीची वाट पाहिली, मागं आले आणि तिच्या तोंडाशी स्वतःच बाण टाकला. वर दगड.

"हे कुणासाठी? आपल्या मागं कोण येतंय?"

"आतापर्यंत तो पुढं होता," हे म्हणाले. "आता दिसत नाही. म्हणजे मागं राहिला असेल."

मी नकाशात रंग भरत राहिले. प्रत्येक चुकीच्या वाटेवर हे बाण टाकत गेले. शेवटी दिव्याच्या दालनाचं दार आलं आणि त्याच्या शेजारी आणखी एक काळोखी वाट. ह्यांनी चौघांच्या पिशव्या पाहिल्या. "बाण संपले," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

'सुधा'च्या पिशवीत तळाशी एक उरला होता, तो ह्यांना दिसला नव्हता. मी तो त्या वाटेच्या तोंडाशी टाकला. वर दगड ठेवला. शेरडं खातील म्हणून. का ठेवला, ते मला विचारू नका. मग नियमाप्रमाणे सेव्ह केलं. हे आल्यावर दार उघडलं, दिवा लावला, खेळ संपला. पडद्यावर अभिनंदनाच्या चार ओळी आल्या. हे त्या वाचत बराच वेळ बसले.

बुधवारी शाळेतून आले. नकाशाचा एक कोपरा राहिला होता, आणि अर्धवट कागद मला घरात चालत नाही. शेवटचा सेव्ह उघडला आणि एकटीनंच तो मजला फिरून आले. ह्यांनी टाकलेले सगळे बाण जिथल्या तिथं होते. प्रत्येकावर दगड.

दिव्याच्या दाराशेजारी मात्र काही नव्हतं. माझा बाण नव्हता आणि दगडही नव्हता. चौघांच्या पिशव्या पाहिल्या. माझा बाण त्यांतही नव्हता. सेव्हची तारीख-वेळ पाहिली — रविवारचीच. सीडी माझ्याच पिशवीत होती.

ह्यांचे एवढे बाण, त्यातला एकही उचलला नाही. माझा मात्र उचलला. शेवटी येतो त्यानं खूण उचलायची, असं तात्या म्हणाले होते.

यावर काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कॉम्प्युटरमधल्या जाणकारांना विचारलं. एकानं सीडी खराब असेल म्हटलं, एकानं मला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला. तपासला. नंबर तोच आहे.

ह्यांना मात्र मी हे सांगितलेलं नाही. हे मासिक ते वाचत नाहीत. अजूनही नळ गळला की "दत्ता असता तर..." म्हणतात. म्हणू देत. दत्ताभावजींची एक गोष्ट आता माझ्याकडं आहे, आणि तिच्यात मी कुणाला वाटा देणार नाही.