आमच्या विहिरीवरची अनियंत्रित राजसत्ता

ह्यांना जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत आणि मला टेबलाशी बसायला निवांतपणा मिळतो. रोज थोडं लिहिते. आलेले लोक ह्यांच्याबद्दल बोलले ते सगळं 'शांत', 'सज्जन', 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' असंच. ते खरंही आहे. पण ह्याच माणसानं डोंबिवलीत एक उन्हाळाभर अनियंत्रित राज्य केलं होतं, याची आठवण कुणी काढली नाही. म्हणून मी काढते.

स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. हे कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवत. त्याआधी आम्ही ठाण्याला कोपरीत, थोरल्या भाऊजींकडे राहायचो. तिथे आमचं अंथरूण वाटेत पडे. रात्री घरात कुणीही उठलं की आम्हाला ओलांडून जाई. डोंबिवलीच्या चाळीत मात्र दोन खोल्या आमच्या एकट्यांच्या, मागे पडवी, शिवाय पुस्तकांना एक फडताळ. मला आणखी काही नको होतं.

फक्त पाणी हवं होतं. नळ नव्हता. अंगणात विहीर होती आणि आदल्या वर्षी एप्रिल संपायच्या आत तिनं तळ दाखवला होता. बिऱ्हाडं पांगली. आम्ही पुन्हा कोपरीला, त्याच वाटेवरच्या अंथरुणावर. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "दर उन्हाळ्याला असं यायचं असेल तर ती खोली सोडा आणि कायमचेच या." हे थोरल्या भावापुढे कधी बोलत नसत. ह्यांनी होकारार्थी मान हलवली. म्हणजे विहीर पुन्हा आटली की आमचं घर गेलं.

खरं तर विहिरीत पाणी होतं. शेजारी भरून ठेवील म्हणून जो तो आधी भरून ठेवी. प्रत्येकाचा स्वतःचा पोहरा, स्वतःचा दोर. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत उपसा चाले. झऱ्याला दम घ्यायला उसंत नाही. यावर उपाय म्हणून समिती नेमलेली होती. चाळीतले पुरुष सगळे कचेऱ्यांत जाणारे, त्यामुळे ठराव उत्तम लिहिले जात. पाण्याची पाळी कुठल्या खोलीपासून सुरू करावी हा मुद्दा एकदा पोटसमितीकडे गेला. सभा संपली आणि पोटसमितीचे सभासद तसेच उठून पोहरे घेऊन विहिरीवर धावले.

आमच्या चाळीला व्याख्यानांचाही षौक होता. महिन्यातून एकदा अंगणात सतरंज्या पडत आणि कुणीतरी बोले. फाल्गुनात ह्यांची पाळी आली. विषय ह्यांनीच घेतला: युरोपात अनियंत्रित राजसत्ता कशी उदयाला आली. आठवडाभर तयारी चालली होती. मला आधी सगळं वाचून दाखवलं. पूर्वार्धात राजसत्ता कशी वाढली आणि उत्तरार्धात ती लोकांना किती महागात पडली. सगळा भर उत्तरार्धावर होता.

अध्यक्ष होते रेल्वेतले हेडक्लार्क. त्यांच्यापुढे घंटा असे आणि वक्त्याला पाऊण तासाच्या वर ते एक मिनिट देत नसत.

हे बोलले छान. गावोगावचे सरदार, प्रत्येकाची स्वतःची गढी, स्वतःचे शिपाई, नदीच्या प्रत्येक उतारावर वेगळा जकातीचा नाका. त्यात धर्मावरून पिढ्यान् पिढ्या लढाया. लोक इतके थकले की दहा लुटारूंपेक्षा एक राजा परवडला, असं त्यांना वाटू लागलं. राजानं मग काय केलं? सरदारांची खाजगी सैन्यं मोडली, प्रांतांत स्वतःचे अंमलदार धाडले, सभांना न विचारता कर बसवले आणि माझी सत्ता देवानं दिली आहे, तुमचा काय संबंध, असं सांगितलं. फ्रान्सच्या सूर्यराजानं तर सरदारांना आपल्या महालातच आणून ठेवलं. ज्यांच्या आजोबांनी राजाशी युद्ध केलं, त्यांचे नातू राजाला सकाळी सदरा कुणी द्यायचा यावरून भांडू लागले.

"परंतु," हे म्हणाले.

घंटा वाजली.

"अहो, महत्त्वाचं पुढेच आहे," ह्यांनी काकुळतीनं सांगितलं.

"मास्तर, नियम म्हणजे नियम. आणि समजलं आम्हाला." हेडक्लार्कांनी सभेकडे पाहिलं. "समजलं ना?"

सगळ्यांना समजलं होतं. सचिवालयातले गृहस्थ उठून म्हणाले, "इतकं उपयुक्त व्याख्यान या अंगणात झालं नव्हतं. आपलीही तीच अवस्था आहे. आपल्याला राजा पाहिजे." मग राजा कोण यावर वाद सुरू झाला. हेडक्लार्क सचिवालयाला चालेनात, सचिवालय हेडक्लार्कांना. शेवटी दोघांनी एकाच वेळी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

घरी येऊन हे कॉटवर बसले. "अगं, मी विरुद्ध बोलणार होतो."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण विहीर टिकवा. कोपरीला जायचं नाहीये मला."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सैन्यं मोडली. सगळ्या बिऱ्हाडांचे पोहरे जमा करून आमच्या माळ्यावर टाकले. विहिरीवर एकच पोहरा राहील आणि तो सकाळचं पाणी झालं की आमच्या खुंटीला लागेल. दुपारनंतर कुणी पाणी काढायचं नाही. झरा झोपेल. चाळीचे मालक तिथले जुने शेतकरी. ते बघायला आले आणि हसत म्हणाले, "मास्तर, राज करा, पन जागा आमची हाय, ध्यानात ठेवा."

"म्हणजे राजावरही हक्क सांगणारा पोपसुद्धा मिळाला," हे मला आत येऊन म्हणाले.

हळूहळू ह्यांना ते आवडू लागलं, हे मला दिसत होतं. एका दोरीला दगड बांधून हे रोज पाणी किती पुरुष खोल आहे ते मोजत. मग दगड सोडण्याचा मान दर दिवशी एका बिऱ्हाडाला द्यायची प्रथा ह्यांनी पाडली. मान म्हणजे काय, तर दगड सोडायचा आणि मोठ्यानं सांगायचं, "दोन पुरुष!" पण पूर्वी जी माणसं एका कळशीसाठी हमरीतुमरीवर येत, ती आता शनिवारचा दगड कुणाचा यावर रुसू लागली. हेडक्लार्क तर दगड सोडायला इस्त्रीचा कोट घालून येत.

"सदरा झाला की हो तुमचा दगड," मी एकदा म्हटलं. हे ओशाळले, पण प्रथा मोडली नाही. आमची पाळी मात्र ह्यांनी सर्वांत शेवटी ठेवली होती, आणि विहिरीत मे महिन्यातही पाणी होतं.

अशात भाऊजी आले. खोली सोडायचं ठरवून टाकावं म्हणून मुद्दाम आले होते. आले ते भर दुपारी, घामानं निथळत.

"आधी आंघोळ करतो. दोन बादल्या काढ."

"दादा, दुपारी पाणी काढायचं नसतं इथे."

"कुणाचा हुकूम?"

"माझाच."

"मग मोड की! राजा ना तू? स्टेशनावर ऐकलं मी. तुला कोण विचारणार?"

ह्यांनी खुंटीवरचा पोहरा काढला. समोरच्या खोल्यांचे पडदे हलले. एका पोहऱ्यानं विहीर आटणार नव्हती. पण तो पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्या चाळीनं ऐकला असता आणि संध्याकाळी माळ्यावरचे सगळे पोहरे खाली उतरले असते. ह्यांना ते कळत होतं. पण समोर थोरला भाऊ होता.

मी भाऊजींसमोर सहसा बोलत नसे. त्या दिवशी दारातून म्हणाले, "अहो, इंग्लंडातल्या लोकांनी असल्या राजाचं काय केलं, ते तुमच्या उत्तरार्धात होतं ना?"

ह्यांचा हात आपोआप मानेकडे गेला. पोहरा पुन्हा खुंटीला लागला.

"दादा, चल," हे म्हणाले. "खडवलीला जाऊ. नदीत आंघोळ कर, हवी तेवढी."

भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी 'चल' म्हटलं असेल. ते आश्चर्यानंच उठले. दोघे भाऊ गाडीनं खडवलीला गेले आणि दिवेलागणीला भाजलेल्या वांग्यासारखे होऊन परतले. भाऊजी खुशीत होते. लहानपणीसारखे पोहलो म्हणाले. जेवताना खोलीचा विषय त्यांनी काढला नाही. आम्हीही नाही.

विहीर पावसापर्यंत टिकली. ह्यांनी पोहरे परत न्यायला सांगितलं, तर कुणी येईना. नळ येईपर्यंत ते आमच्या माळ्यावरच पडून होते. उत्तरार्ध मात्र ह्यांना कधीच बोलू दिला नाही. विषय झालेला आहे, असं हेडक्लार्क सांगत.

तेराव्याला ते आले होते, काठी टेकत. सचिवालयवालेही आले होते. ह्यांच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला तो दगड हेडक्लार्कांनी उचलला आणि हातात फिरवत बसले.

"शनिवार माझा असायचा," ते म्हणाले.

"शनिवार माझा," सचिवालय म्हणाले. "तुमचा मंगळवार."

"मास्तरांना विचारा!" म्हणत हेडक्लार्क खोलीत इकडेतिकडे पाहू लागले आणि मग एकदम थांबले.

मी म्हटलं, "शनिवार तुमचा दोघांचाही होता. एकाआड एक शनिवार देऊन ह्यांनी दोघांनाही एकेकटं गाठून 'शनिवार तुमचाच' असं सांगितलं होतं." आणि चहा टाकायला आत गेले.