नऊ साड्या घेऊन चाकणला

बार्शीहून निघताना माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. मोठ्या पिशवीत सुमतीच्या आठ सुती साड्या होत्या, धुऊन, खळ घालून, इस्त्री केलेल्या. खांद्यावरच्या झोळीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, एक पुस्तक आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली नववी साडी. ही नववी धुतलेली नव्हती. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी सुमती ती नेसली होती. तिला जाऊन दहा महिने झाले होते, आणि त्या दहा महिन्यांत मी अधूनमधून ती गाठ सोडून साडीचा वास घेत आलो होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नववी साडी गोधडीसाठी नव्हती. तिला घरी एकटं ठेवून जाववेना, म्हणून बरोबर घेतली.

गोधडीची कल्पना माझ्या मुलीची, केतकीची. ती पिंपरीत संत तुकाराम नगरला राहते. ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने तिला चाकणजवळच्या एका गावातल्या, गोधड्या शिवणाऱ्या सखूबाई सापडल्या होत्या. "बाबा, कपाटात ठेवून कसर लागेल. आईला ते आवडलं असतं का?" असं तिने विचारलं, आणि मी साड्या धुवायला काढल्या.

सुमती शाळेत शिक्षिका होती. एका वर्षी शाळेने सगळ्या शिक्षिकांना दर सोमवारी एकसारखी जांभळी सिंथेटिक साडी सक्तीची केली. सुमतीने सोलापुरात हिंडून अगदी त्याच रंगाची हातमागाची साडी शोधली आणि सोमवारी तीच नेसून गेली. मुख्याध्यापकांनी हटकलं तेव्हा म्हणाली, "रंग तुमचा आहे सर, सूत तेवढं माझं." पुढे आणखी दोघीतिघींनी तसंच केलं. ती जांभळीही मोठ्या पिशवीत होती.

पिंपरीला पोचलो त्या दिवशी संध्याकाळी केतकी मला पिंपरी कॅम्पातल्या बाजारात घेऊन गेली. "कापड कसलंबी चालंल, दोरा तेवढा चांगला आणा," असं सखूबाईंनी फोनवर बजावलं होतं. एका दुकानाच्या दारात दोन पुतळे शेजारी उभे होते. एकाच्या अंगावर सोनेरी शेरवानी आणि फेटा. दुसऱ्याच्या अंगावर निळा बॉयलर सूट (कारखान्यात घालतात तो वरपासून खालपर्यंत अखंड पोशाख) आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. दोघांचे चेहरे एकाच साच्यातले.

"हा लग्नाच्या दिवशी," केतकी म्हणाली, "आणि हा रजा संपल्यावर."

दोऱ्याच्या दुकानातले सिंधी गृहस्थ माझ्याच वयाचे असावेत. गोधडीसाठी म्हटल्यावर त्यांनी मी धरलेलं रीळ हातातून काढून घेतलं. "ये नको काका, ये तुटेगा. हा घ्या. हमारे में उसको रल्ली बोलते हैं. मेरी दादी बनाती थी, एकदम ऐसे, बारीक बारीक टाके." त्यांनी काउंटरवर बोटाने टाके घालून दाखवले. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी ते टाके घालतच राहिले.

दुसऱ्या दिवशी केतकी कामाला गेली आणि मी एकटाच भोसरीहून चाकणच्या बसमध्ये बसलो. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, आणि पुढे कंटेनरांच्या रांगेत बस जी थांबली ती थांबलीच. माझ्या शेजारी करड्या शर्टातली एक मुलगी होती. माझं गाव कळल्यावर तिची कळी खुलली.

"बार्शी? मंग आमच्याच कडचे की काका तुमी! मी परभणीची, पूजा."

बसमध्ये काही मुली करड्या शर्टात होत्या, काही निळ्या. मी फरक विचारला.

"निळे परमनंट. आमी करडे, कंत्राटी."

"काम वेगळं असतं?"

"काम सेम. एकाच लाईनला, एकमेकीला चिकटून." ती हसली. "कँटीनमध्ये मात्र लांबूनच कळतं, कोण कुठं बसायचं ते."

गळ्यातली ओढणी काढून तिने नीट घडी केली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. "मशिनवर चालत नाही, अडकंल म्हणून. गावाकडं ओढणीबिगर अंगणात गेले तर आई वरडती. इथं ओढणी दिसली की सुपरवायझर वरडतो."

"तुला काय बरं वाटतं?"

"पहिले आठ दिवस लाज वाटली. आता सुट्टीत गावाकडं गेले की ओढणीच सारखी पायात येती, काका."

चाकणला उतरून सहा आसनी रिक्षाने गावात पोचलो. सखूबाईंचं घर दुमजली, नव्या रंगाचं. शेताच्या जागी आता मुलाचं गोदाम आहे आणि घरामागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांची रांग. दोरीवर एक गोधडी वाळत होती. जवळ गेलो तर सगळी कंपन्यांच्या शर्टांची, निळे आणि करडे चौकोन, मधूनच एखादा खिसा जसाच्या तसा.

"भाडेकरू जात्यात, शर्ट ऱ्हात्यात," मागून आवाज आला. त्याच सखूबाई. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, नाकावर चष्मा. "टाकायचं कशाला? आन् खिसं म्या काढीत न्हाई. नातवंडं त्यात चाकलेट ठेवत्यात."

"निळे-करडे एकत्र केलेत," मी म्हणालो.

"मंग? थंडी काय इचारून वाजती व्हय, कोण परमनंट हाय म्हनून?"

मी मोठ्या ऐटीत पिशवी उघडली. सखूबाईंनी वरची साडी हातात घेतली, ती पुठ्ठ्यासारखी वाजली. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग सुनेला हाक मारली, "वैशाली, ये गं बघाया! पाव्हन्यांनी खळ घालून आनलंय!"

दोघी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मला काही कळेना. सुमती कधी खळ घातल्याशिवाय साडी नेसली नाही. तिच्या साड्या परक्या घरी चुरगळलेल्या न्यायच्या, हे मला कसंसंच वाटलं होतं. रात्रभर पेज गाळून, एकेक साडी ताणून मी ते केलं होतं.

"आवो, गोधडीला मऊ लागतं सगळं," डोळे पुसत सखूबाई म्हणाल्या. "ह्यात सुई घातली तर सुई मोडंल माजी!"

साड्या टबात भिजल्या. पाणी पांढुरकं झालं. वैशालीबाई आणि मी एकेक टोक धरून पिळत होतो, तेवढ्यात जुनी नारायणपेठी मधोमध टर्रकन फाटली. वैशालीबाईंचा चेहरा उतरला. "वय झालंवतं तिचं," सखूबाई म्हणाल्या. "वरच्या ठिगळांना घिऊ. पर पोटाला येक कमी पडतंय आता." पोट म्हणजे गोधडीच्या आतले थर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजून येखादं हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

साड्या वाळेपर्यंत जेवण झालं. बाजरीची भाकरी, वाटाणा घातलेलं वांगं, ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि रुमाल काढायला मी झोळी उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून हिरवा काठ दिसत होता. सखूबाईंनी तो पाहिला, मी त्यांना पाहताना पाहिलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी घातली, उठल्या आणि आतून एक करडा शर्ट घेऊन आल्या. "पोटाला ह्यो घालू. कुनाला दिसतंय?"

त्या शर्टाची मला अडचण नव्हती. सुमतीला तर तो आवडलाच असता. पण तिची एक साडी झोळीत लपवून मी परक्या माणसाचा शर्ट तिच्या जागी घालू देत होतो, हे मनाला लागलं. हात धुवायच्या निमित्ताने मी घरामागे गेलो. खोल्यांपुढे ओळीने शर्ट वाळत होते. मी पिशवीची गाठ सोडली आणि तोंड आत घातलं.

प्लॅस्टिकचा वास आला. पुन्हा घेतला. थोडा डांबराच्या गोळ्यांचा. सुमतीचा कुठेच नाही. कधी संपला कोण जाणे. कितीतरी दिवस मी प्लॅस्टिकच हुंगत असणार.

परत अंगणात येऊन मी म्हणालो, "आहे एक."

"धुवायची का?" वैशालीबाईंनी विचारलं.

सखूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई. ही तशीच जाऊ दे."

त्यांनी ती सगळ्या थरांच्या मधोमध पसरली, हाताने चारही बाजूंना सारखी केली. मग सुई माझ्या हातात दिली. त्यांच्या घरची रीत आहे, पहिला टाका घरच्या माणसाने घालायचा. दोरा ओवताना मी तीनदा चुकलो. टाका पडला तो चांगला बोटभर लांब.

"मामा," वैशालीबाई म्हणाल्या, "ह्यातनं कंटेनर जाईल की!"

"जाऊ दे, उसवू नगंस," सखूबाई म्हणाल्या. "महिन्यानं या न्यायला. आन् खळबिळ काय घालू नका तिला."

परतीच्या बसमध्ये मी पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. ग्रंथपाल म्हणून माझं सगळं आयुष्य पुस्तकं फाटू नयेत या काळजीत गेलं. खरं सांगायचं तर काही पुस्तकं इतकी जपली की ती कुणी वाचलीच नाहीत. त्यांची आठवण मला मोशीपर्यंत येत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी मला वल्लभनगरच्या स्थानकावर सोडायला आली. बार्शीची गाडी लागायची होती. तिने माझी झोळी मांडीवर घेतली, वरून चाचपली.

"हिरवी कुठंय?"

"कोणती हिरवी?"

"बाबा."

मी थोडा वेळ समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या. मग म्हणालो, "गोधडीच्या पोटात घातली. वास राहिलाच नव्हता तिला."

केतकी झोळीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "बार्शीला आले की, तुम्ही आंघोळीला गेलात की मी सोडायचे ती गाठ," ती म्हणाली. "परवा इथंसुद्धा."

"तरीच!" मी म्हणालो. "तरीच म्हटलं, इतक्या लवकर कसा संपला!"

तिला हसू फुटलं, मग मलाही. शेजारच्या बाकावरच्या बाई आमच्याकडे वळून पाहू लागल्या. आम्हाला काही केल्या थांबता येईना.